गुरुवारचं पुस्तक, रविवारचा पिच्चर

मी चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमध्ये. तिथं गोड बोलून कुणी गोळी घेत नाही. तोंड उघड म्हणायचं, गोळी टाकायची, वर पाणी द्यायचं, गिळली का ते बघायचं आणि पुढच्या घराला लागायचं. विचारत बसलं असतं तर निम्मी पोरं लशीवाचून राहिली असती. ही सवय नोकरीत फार उपयोगी पडली. घरी मात्र याच सवयीने माझं एकुलतं एक बोलायचं माणूस मी माझ्यापासून तोडलं.

निवृत्त झाल्यावर मी बोरी बुद्रुकला, सासरच्या घरी राहायला आले. नवरा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगी पिंपरीला, तिचा संसार, तिची नोकरी. सुरुवातीला गावातली माणसं यायची, बीपी बघून द्या, हे औषध कशावर आहे सांगा म्हणायची. पुढे चौकात एका तरुण डॉक्टरने दवाखाना टाकला आणि ती वर्दळ आटली. त्यात त्याची काही चूक नाही. पण एकदा संध्याकाळी भांडी घासताना माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण फक्त दूधवाल्याशी बोललोय, आणि तेही "अर्धाच लिटर दे" एवढंच.

मुलीला फोनवर हे सांगितलं, ती चूक झाली. पुढच्या वेळी आली तेव्हा तिने एक जाडजूड पुस्तक आणलं. सुखाचं मानसशास्त्र. वर पिवळा हसरा गोळा. "आई, वाच, बरं वाटेल," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेलीसुद्धा. माझा तिळपापड झाला. आमच्या घरात रोज बुद्धवंदना होते. दुःख आहे, हे आम्ही पहिल्याच पायरीवर कबूल करून बसलेली माणसं. आणि हे पुस्तक मला सांगणार की सकाळी उठून आरशात बघून हसा. मी ते टीव्हीच्या मागे ढकलून दिलं.

ते तिथून बाहेर काढलं माझ्या पुतण्याने.

पुतण्या म्हणजे थोरल्या दिरांचा मुलगा. तेव्हा पस्तिशीचा. दीर आणि जाऊ दोघंही गेले, त्यामुळे मळ्यातल्या दोन खोल्यांत हा एकटाच. दीड एकर जमीन, विहीर, उन्हाळ्यात टोमॅटो, मागून कांदा. बी.ए. झालेला. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एक नाद त्याला होता. एका हंगामात टोमॅटो चांगले झाले तेव्हा लोकांनी मोटरसायकली बदलल्या, याने पुण्याहून एक मोठा कॉम्प्युटर आणला, त्यावर गेम खेळायला आणि पिच्चर बघायला. गावाने त्याला येड्यात काढलं. मीही काढलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी तो टोमॅटो घेऊन आला होता. चहा होईपर्यंत इकडेतिकडे बघताना त्याला ते पुस्तक दिसलं. उभ्याउभ्याच दोन पानं वाचली आणि हसायला लागला.

"काकू, ह्यो बाबा म्हंतोय, रोज झोपायच्या आधी तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा."

"मग लिही की."

"लिहितो. एक, मोटर चालली. दोन, मोटर जळली न्हाई. तीन, उद्याबी चालंल असं वाटतंय."

मी कित्येक दिवसांनी मोठ्याने हसले. हसल्यावर मला माझाच आवाज अनोळखी वाटला. तो म्हणाला, पुस्तक नेतो. मी म्हटलं, ने, जाळलंस तरी चालेल. तर म्हणाला, तसं नको, सावड करू.

सावड आमच्याकडे अजून पूर्ण मेलेली नाही. आज तुम्ही माझ्या खुरपणीला या, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही. फक्त एवढंच, की दुसऱ्याच्या वावरात गेलं तर आपल्याच वावरासारखं काम करायचं, टंगळमंगळ करायची नाही. त्याचं म्हणणं असं, की तो माझं पुस्तक मनापासून वाचेल आणि मी त्याचे पिच्चर मनापासून बघायचे. मग दोघांनी खरं मत सांगायचं. बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही.

"कसले पिच्चर तुझे?"

"सायबरपंक."

"म्हणजे?"

त्याने जरा विचार केला. "म्हंजी असं बघ. यंत्रं लई पुढं गेलीत. माणूस व्हता तिथंच हाय."

मी म्हटलं, हे बघायला पिच्चर कशाला लागतो, आमच्या आरोग्य उपकेंद्रात यायचं होतंस.

अशी सुरुवात झाली. आमच्याकडे गुरुवारी दिवसभर लाईट नसते, दुरुस्तीचा वार. मोटर बंद म्हणून तो मोकळा. मग गुरुवार पुस्तकाचा ठरला. दुपारी तो माझ्याकडे यायचा, ओट्यावर बसायचा, आम्ही त्या आठवड्यात वाचलेल्या प्रकरणावर भांडायचो. रविवार पिच्चरचा. मी जेवून चालत मळ्यात जायची आणि दिवस मावळायच्या आत तो मला गाडीवर घरी सोडायचा, कारण वाटेत दोन्हीकडे ऊस आणि उसात बिबट्या. माझ्यासाठी त्याने एक खुर्ची आणली होती, हातांची, कमरेला उशी लावलेली.

पहिला पिच्चर बघून मी जे बोलले ते त्याने पुढे अनेकदा मला बोलून दाखवलं. त्या पिच्चरमध्ये एक अवाढव्य शहर होतं. कायम अंधार, कायम पाऊस, भिंतीभर गुलाबी-निळ्या पाट्या लखलखतायत. अर्ध्या लोकांचे हात-पाय यंत्राचे. सगळं शहर एका कंपनीच्या मालकीचं. मी शेवटपर्यंत बघितला आणि म्हटलं, "एवढा पाऊस पडतोय, एकाकडंही छत्री कशी नाही रे? आणि या लोकांना स्वयंपाकघर नाही का? जो तो आपला गाड्यावर उभा राहून शेवया खातोय."

तो म्हणाला, "काकू, त्यातला मुद्दा बघ."

"मुद्दाच सांगतेय. त्या पोराचा खांद्यापासून हात काढून लोखंडाचा बसवला. जखम कुणी धुतली? ड्रेसिंग कुणी केलं? दुसऱ्या सीनला तो मारामारी करतोय. आठ दिवसांत त्याला ताप भरायला पाहिजे होता."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पण मग ठसका आवरून म्हणाला, "न्हाई, बरोबर हाय तुझं. त्याला ड्रेसिंग करायला कोणच नसतंय. तोच तर पिच्चर हाय."

त्याची मतंही काही कमी नव्हती. पुस्तकात एका ठिकाणी लिहिलं होतं, की माणूस एखाद्या कामात पार बुडून जातो, वेळेचं भान राहत नाही, ते खरं सुख. मला ते प्रकरण पटलं होतं. बाळंतपणं करताना माझं तसंच व्हायचं. तो म्हणाला, "टोमॅटोच्या बांधणीला मीबी बुडतो. पण मान वर केली की कंबर मोडल्याचं कळतं. त्या बाबानं कंबर धरलेली न्हाई." दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, की दुसऱ्याशी तुलना करू नका. तो म्हणाला, "आमी कुठं करतो? आमच्या वतीनं गाव करतंय." मी ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला घेतलं ते त्याच्यामुळे. मग मुलीला सांगून आणखी दोन मागवली. एकात सारखं ध्यान करा म्हणून लिहिलं होतं आणि दुसऱ्यात घर आवरा म्हणून. घर आवरायच्या पुस्तकावर आमचं तीन गुरुवार वाजलं, कारण त्याच्या मते मळ्यातल्या घरात जुनी पाइप, फवारणीचे पंप आणि सुतळीची बंडलं फेकायची म्हणजे पुन्हा विकत आणायची.

मी गेमसुद्धा खेळले. हे गावात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. तसंच शहर, त्यात आपण एक माणूस चालवायचा. मला गाडी चालवायला दिली तर मी लाल सिग्नलला थांबायची. मागून हॉर्न वाजायचे. तो कपाळाला हात लावायचा. "काकू, हितं पोलीस न्हाईत." मी म्हणायचे, "नसू देत, म्हणून काय माणसं मारत सुटायचं?" त्याने दिलेली कामगिरी सोडून मी गल्लीबोळांतून हिंडायची. एका इमारतीच्या जिन्यात एक म्हातारी बसलेली असायची. तिच्याजवळ गेलं की ती दोन वाक्यं बोलायची, पुन्हा गेलं की तीच दोन. मी विचारलं, हिच्याकडे कुणी येत नाही का. तो म्हणाला, ती मागं दिसायपुरती हाय, तिला बोलायला बनवली न्हाई. त्या दिवशी मला पुढे खेळवेना. मी लवकर घरी सोड म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही आणि गाडी काढली.

ते दीड वर्ष मी सुखात होते. तेव्हा हे असं कळलं नव्हतं. सुखाची तीन पुस्तकं घरात, पानं दुमडून खुणा केलेली, आणि सुख आठवड्यातून दोनदा ओट्यावर येऊन बसतंय हे काही ध्यानात आलं नाही.

एका रविवारी मी त्याला विचारलं, "तुला एवढं काय आवडतं रे या अंधाऱ्या शहरात? बघून जीव घुसमटतो."

तो कॉम्प्युटरच्या वायरी नीट करत होता. तसाच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिथं कोण कुणाला इचारत न्हाई काकू, की तुझं लगीन का न्हाई झालं."

मी नर्स. मी लक्षण ऐकलं. माणूस काय म्हणतोय ते ऐकलंच नाही.

त्याच्या लग्नाची गोष्ट अशी, की जाऊबाई होत्या तेव्हा सात-आठ ठिकाणी बोलणी झाली होती. आमच्याकडे आता मुलीकडचेच आधी येऊन घर बघतात, विहीर बघतात, पोरगा सगळ्यात शेवटी बघतात. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच आलं. पोरगा निर्व्यसनी आहे, चांगला आहे, पण मुलीला शेतकरी नको. मुलींचं तरी काय चुकतं, मीही माझी मुलगी शेतकऱ्याला दिली नाही. जाऊबाई गेल्यावर त्याने तो विषय बंद केला. मला स्पष्ट सांगितलं होतं, "काकू, त्या रांगेतून मी भाईर पडलोय. आता लई बरं वाटतंय." मी तेव्हा हो म्हटलं होतं.

पण त्याच आठवड्यात पुस्तकात ते प्रकरण आलं. जवळची नाती असली तरच माणूस सुखी होतो, एकटेपणा शरीर पोखरतो, असं सगळं. मी ते रात्रभर डोक्यात घोळवलं. हा पोरगा छत्तीसचा. मी साठीची. मी गेल्यावर याचं कोण? त्याला ताप आला तर पाणी कोण देईल? कळतं पण वळत नाही म्हणतात, माझं उलट झालं. काही न कळता मी थेट वळले.

आमच्या समाजाचा वधू-वर सूचक ग्रुप आहे मोबाइलवर. पुणे जिल्ह्यातली शेकडो माणसं त्यात. मी त्याचा बायोडाटा तयार केला. नाव, शिक्षण, उंची. व्यवसायापाशी माझा हात थांबला. शेती लिहिलं तर कुणी पुढचं वाचणारच नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून लिहिलं, कॉम्प्युटरवर घरून काम, शिवाय बागायत शेती. आता तुम्हाला हे खोटं वाटेल. पण बायोडाट्यात सगळेच थोडं फुगवतात. ज्याची पिठाची गिरणी तो उद्योजक लिहितो. आणि कॉम्प्युटर त्याच्याकडे होता, घरीच होता, त्यावर तो रोज बसत होता. फोटो माझ्याकडे होता. मी गेममध्ये सिग्नलला थांबले तेव्हा तो हसत असताना मी मोबाइलमध्ये काढून ठेवलेला. त्याच्याइतका चांगला त्याचा दुसरा फोटो नाही.

त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. तोंड उघड म्हणायचं, गोळी टाकायची.

दहा दिवसांत मंचरकडून फोन आला. मुलगी बी.कॉम., मंचरलाच एका ऑफिसात. घर बघायला येतो म्हणाले, रविवारी. मला हर्षाने दुसरं काही सुचेना. मी रव्याचे लाडू केले. आणि एक गोष्ट कबूल करते, ती मी मुलीलाही सांगितलेली नाही. लाडू वळताना माझ्या डोळ्यांपुढे तो नव्हताच. त्याची बायको होती. दुपारची माझ्याकडे येतेय, भाजी निवडत बसतेय, माझ्याशी बोलतेय. एकटी मी पडले होते आणि लग्न त्याचं लावायला निघाले होते.

रविवारी अकराच्या सुमाराला चारचाकी आली. मुलीचे वडील, मामा आणि मध्यस्थ. जय भीम झालं, पाणी झालं, आणि मी त्यांना घेऊन मळ्याकडे निघाले. त्याला फोन केला नाही. म्हटलं, समोर पाहुणे दिसले की नाही म्हणायची सोय राहणार नाही.

तो माझ्याच दुपारच्या येण्याच्या तयारीत होता, रविवार होता ना. सकाळी फवारणी उरकून नुसते पाय धुतले होते, अंगात जुनी बनियन, गळ्यात हेडफोन. आत माझी खुर्ची मांडून ठेवलेली. गाडीतून तीन माणसं उतरताना बघून त्याला वाटलं कुणाचा तरी रस्ता चुकलाय. मग मागून मी उतरले.

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. सगळं त्याला तेव्हाच कळलं असावं, कारण पुढे त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. शर्ट घातला, पाहुण्यांना सतरंजी टाकली, स्वतः चहा ठेवला. मी लाडूंचा डबा उघडला.

वडील भला माणूस होता. गप्प बसून विहिरीकडे बघत होता. मामा मात्र बोलका. म्हणाला, "कंपनी कुठली तुमची?"

पुतण्याने चहाचे कप खाली ठेवले. "कंपनी न्हाई. मी टोमॅटो करतो. फुडं कांदा."

"न्हाई, कॉम्प्युटरवरचं काम लिहिलंय ना."

मी लाडवांचा डबा मामापुढे सरकवला. पुतण्या शांतपणे म्हणाला, "तसं काय काम न्हाई. मी त्याच्यावर गेम खेळतो."

मामा उठून आतल्या खोलीच्या दारात गेला. पडद्यावर तेच शहर होतं, पाऊस पडत होता, कुणीतरी रस्त्याच्या मधोमध उभं होतं. मामाने ते पाहिलं आणि हसला. दुष्टपणे हसला असं नाही म्हणणार, पण हसला. "भाऊ, छत्तीस वय हाय ना तुमचं?" म्हणाला. मुलीचे वडील लगेच उठले, मेहुण्याच्या दंडाला धरलं, मला हात जोडले. "कळवतो," म्हणाले. लाडवांना कुणी हात लावला नव्हता.

गाडी बांधाच्या वळणावरून दिसेनाशी झाली. तो कप विसळायला बसला. मी म्हटलं, दे, मी विसळते. त्याने दिले नाहीत. चारही कप झाल्यावर उपडे घातले आणि म्हणाला, "बायोडाट्यातला फोटू कवा काढलास?"

"तू हसत होतास तेव्हा."

त्याने मान हलवली. मग गाडी काढली, मला घरी सोडलं. दुपारचे बारा वाजले होते. एवढ्या लवकर त्याने मला कधीच सोडलं नव्हतं.

पुढचा गुरुवार आला. मी पुस्तक काढून ओट्यावर बसले. तीन वाजले, चार वाजले. समोरची बाई पाणी भरून येता येता म्हणाली, "पावणं आल्तं म्हणं? काय झालं?" मी तिला असं काही फाडून बोलले की ती अजून माझ्या दारासमोरून जाताना पदर सारखा करत तोंड फिरवते. हात दाखवून अवलक्षण. रविवारी मी जेवून तयार होऊन बसले, पण मळ्याच्या वाटेला लागायचं धाडस झालं नाही. त्यानंतरचा गुरुवारही तसाच गेला. ग्रुपवरचा बायोडाटा मी काढायला गेले तर तो निघेना, मला ते तंत्र येत नव्हतं. ज्याला येत होतं तो येत नव्हता. शेवटी मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू त्याला विचारलं होतंस का?" मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, तुझ्या पुस्तकामुळे झालं हे. फोन ठेवला आणि रडले. खूप वर्षांनी रडले, नवरा गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात मी गेले. भर दुपारी, चालत. त्याची बांधणी चालली होती. बांबू रोवून तार ओढलेली, आणि एकेक झाड सुतळीने तारेला बांधत तो सरीतून पुढे सरकत होता. मला बघून थांबला. "उन्हाचं कशाला आलीस?" म्हणाला आणि घरातून तांब्या आणून दिला. मी पाणी प्यायले. कंबरेला खोचलेली सुतळी त्याने काढली नव्हती, म्हणजे बसायचा विचार नव्हता.

मी सरळ बोलले. दुसरं मला येत नाही. म्हटलं, "माझं चुकलं. तुला न विचारता केलं. खोटं लिहिलं. तुझी लोकांत शोभा केली. तुला काय बोलायचं ते बोल मला, शिव्या दे."

"जाऊ दे काकू. झालं ते झालं."

"जाऊ दे काय? राग तरी कर."

"राग न्हाई आला." तो सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत होता. "ते मामा हसलं त्याचंबी काय न्हाई. असले मामा लई बघितले मी."

"मग येत का नाहीस?"

त्याने बोटावरची सुतळी उलगडली. मला वाटलं, समजावून सांगितलं पाहिजे. आयुष्यभर लोकांना समजावून सांगत आले. मी म्हटलं, "अरे, तुझ्याच भल्यासाठी केलं ना. मला बघवत नव्हतं. एवढ्या मोठ्या मळ्यात तू असा एकटा पडलेला."

तेव्हा त्याने मान वर केली. रागाने नाही. पण अगदीच नवीन काहीतरी ऐकू आल्यासारखं त्याच्या चेहऱ्यावर झालं.

"मी कुठं एकटा व्हतो, काकू? तुझ्याकडं येत व्हतो की."

एवढंच बोलला आणि वाकून पुढच्या झाडाला लागला.

मी बांधावर उभी राहिले. त्याला कुणी नाही, असं मी शेकडो लोकांना लिहून कळवलं होतं, आणि लिहिताना मी स्वतःला धरलंच नव्हतं. हे त्याला सांगावंसं वाटलं. पण तो सरीत बराच पुढे गेला होता आणि मागे वळून बघत नव्हता. मी ऊन उतरायच्या आत घराकडे निघाले.

याला आता वर्ष होत आलं. तो मला काही कमी पडू देत नाही. मध्यंतरी पाय मुरगळला तर रोज गाडीवर नारायणगावला नेलं, शेक द्यायची पिशवी आणून दिली. बायोडाटाही त्यानेच माझ्या मोबाइलवरून काढला, न बोलता. दर आठवड्याला दळण आणतो, डबा ओट्यावर ठेवतो, "काय पायजे का?" विचारतो. मी नको म्हणते. तो बरं म्हणतो आणि चप्पल पायातून न काढता जातो.